आधी उठायची वेळ बांधा

पत्र:

वय ४१. धरमपेठेत स्वतःचं सीए ऑफिस आहे, दोन अकाउंटंट आणि तीन आर्टिकल (सीएचं शिक्षण घेणारे शिकाऊ). क्लायंट बहुतेक इतवारी-गांधीबागेतले व्यापारी. सकाळी साडेदहाला ऑफिस, रात्री दहाला घरी, साडेदहाला जेवण. बाराला अंथरुणावर पडतो, एकच्या सुमारास झोप लागते आणि साडेतीनला डोळा उघडतो. कुणाचा जीएसटीचा थ्रीबी रिटर्न राहिला, कुणाच्या नोटिशीला उत्तर द्यायचं आहे, हेच डोक्यात. तास-तासभर तळमळतो. साडेसहाला मुलीच्या स्कूल व्हॅनसाठी उठावंच लागतं. दिवसाला सात-आठ चहा, तंबाखू-सुपारीचे चार खर्रे. शनिवारी मित्रांसोबत सावजी आणि तीन पेग, रविवारी अकरापर्यंत झोप. बायको म्हणते, मी जोरात घोरतो आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो. मागच्या महिन्यात बीपी १४२/९२ निघालं. वडिलांना मधुमेह आहे. एका मित्राने झोपेसाठी ॲल्प्राझोलामच्या गोळ्या दिल्या, आठवड्यातून दोनदा अर्धी घेतो. आता जिम लावू, योगा लावू, मेलाटोनिन घेऊ की ध्यानाचं ॲप? दर वेळी सगळं सोमवारपासून सुरू करतो आणि गुरुवारपर्यंत सुटतं.

एक वाचक, नागपूर

उत्तर:

नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. सोमवारी धरलेलं गुरुवारी सुटतं म्हणून स्वतःला बोल लावू नका. साडेचार तास झोपलेल्या माणसाला पहाटेची जिम, चहा बंद, खर्रा बंद आणि रात्री लवकर झोपणं ही चार कामं एका आठवड्यात झेपत नाहीत. झोप अपुरी असली की गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं, तलफ जोरात येते आणि ठरवलेलं पाळायची ताकद संध्याकाळपर्यंत संपते. त्यामुळे काय करायचं याच्याइतकंच कशानंतर काय करायचं हे महत्त्वाचं आहे. तुमच्या बाबतीत पहिली पायरी सकाळी उठायच्या वेळेची. रात्रीची वेळ तिच्या मागून आपोआप येते.

पण त्याआधी दोन तपासण्या, आणि त्या टाळू नका.

पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि त्याच्यासोबत वाढलेलं बीपी, हे तिन्ही एकत्र असतील तर स्लीप ॲप्नियाचा संशय घ्यायलाच हवा. यात झोपेत घशाचा मार्ग वारंवार बंद होतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो आणि मेंदू तुम्हाला क्षणभर जागं करून श्वास सुरू करतो. हे रात्रभर चालतं, सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. उठल्यावर तोंड कोरडं असतं का, डोकं जड असतं का, रात्री लघवीला उठावं लागतं का, दुपारी क्लायंट बोलत असताना डोळे मिटतात का, हे लिहून ठेवा. गळ्याचा घेर टेपने मोजा. ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर शंका आणखी वाढते. पत्नीला मोबाईलवर दोन रात्री पाच-पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्यायला सांगा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. दाखवायचं छातीरोगतज्ज्ञाला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला. ते स्लीप स्टडी करायला सांगतील. ती रात्रभर लॅबमध्ये होते, काही वेळा छोटं यंत्र लावून घरीही होते. तासाला १५ पेक्षा जास्त वेळा श्वास अडकत असेल तर आजार मध्यम, ३० च्या वर तीव्र. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) लागलं तर घाबरू नका. अनेकांचं साडेतीनचं जागरण त्यानेच थांबतं. तुम्हालाही चिंतेमुळे जाग येते असं वाटतंय, पण आधी श्वासामुळे जाग येत असेल आणि चिंता त्यानंतर डोक्यात शिरत असेल, हेही शक्य आहे.

दुसरी तपासणी बीपीची. दवाखान्यात एकदा आलेल्या १४२/९२ वरून काही ठरत नाही, आणि तो आकडा विसरून जाण्यासारखाही नाही. दंडाला लावायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी मोजा. आधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. दंड छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर फिजिशियनकडे जा आणि तो कागद सोबत न्या. त्याच फेरीत उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल), टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन आणि बी-१२ करून घ्या. वडिलांना मधुमेह आहे, म्हणून एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं तरी ते ‘नॉर्मलच’ समजून फाईलला लावू नका, तो मधुमेहाच्या आधीचा टप्पा आहे. आणि चालताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम सुटणं असं कधीही झालं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका, लगेच ईसीजी काढा.

आता उठायच्या वेळेबद्दल.

झोप दोन गोष्टींच्या जोरावर येते. एक म्हणजे जागेपणी मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन. जितके तास जागे, तितका झोपेचा दाब जास्त. दुसरी शरीराची घड्याळ, जी रोज सकाळच्या उजेडाने लागते. रविवारी तुम्ही अकराला उठता आणि रात्री बाराला पडता, तेव्हा दाब साठायला जेमतेम तेरा तास मिळालेले असतात आणि घड्याळही उशिराकडे सरकलेली असते. मग रविवारची रात्र तळमळण्यात जाते आणि सोमवार अर्धा गेलेला असतो. याला उपाय एकच, उठायची वेळ सातही दिवस साडेसहाच ठेवायची. रविवारी फार तर सात. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळची वेळ तीच. पहिले आठ-दहा दिवस याने त्रास होईल. तरीही दुपारी गाढ झोपू नका. अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आधी, अलार्म लावून, वीस मिनिटं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेरच्या उजेडात या. बाल्कनीत पेपर वाचत बसलात तरी चालेल, पण व्हॅन सोडून तिथूनच वीस-तीस मिनिटं चालून आलात तर दोन कामं होतात. अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सला गाडी काढून जायची गरज नाही, आपल्या लेआउटमधला रस्ता पुरतो. नागपुरात जूनमध्ये साडेपाचलाच उजाडतं आणि मे महिन्यात सातनंतर चालणं म्हणजे डोकेदुखी ओढवून घेणं, म्हणून उन्हाळ्यात व्हॅन यायच्या आधीच फेरी आटपा. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर वर येतो, तेव्हा थोडं उशिरा निघालात तरी हरकत नाही. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं भरभर चाललात की दीडशे मिनिटं होतात, बीपी आणि साखर दोन्हींसाठी तेवढं धरून चला. जिमची फी सध्या भरू नका. साडेचार तासांच्या झोपेवर पहाटे वजनं उचलायला लावणारा ट्रेनर तुमचं भलं करत नाही.

पहिल्याच दिवसापासून एक तक्ता भरायला घ्या. अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागा होतो, कधी उठलो, चहा किती आणि शेवटचा कधी, खर्रे किती आणि शेवटचा कधी, दारू किती. सकाळी एकदाच, दोन मिनिटांत, अंदाजानेच भरा. रात्री घड्याळ पाहून मिनिटं नोंदवली की तेच जागरणाचं निमित्त होतं. घड्याळ भिंतीवरून काढा, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला लावा आणि साध्या अलार्मचं घड्याळ घ्या. मनगटावरच्या पट्टीचा ‘स्लीप स्कोअर’ सध्या पाहू नका, तो बघून काळजी वाढलेले लोक कमी नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात चहा. चहातलं कॅफीन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना सातही. संध्याकाळी सातला क्लायंटसोबत घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री बाराला तुमच्या रक्तात असतं आणि ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. थकवा असतो पण झोप येत नाही, ही तुमची बाराची अवस्था बऱ्याच अंशी तिथून येते. एकदम बंद केलात तर दुसऱ्या दिवशी डोकं धरेल आणि चिडचिड होईल, म्हणून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, आणि तोही दिवसाच्या शेवटाकडून. शेवटी तीन कप राहू द्या, तिसरा दुपारी दोनच्या आत. साखरेचा हिशेबही करा. कपात दोन चमचे धरले तर आठ कपांत सोळा चमचे, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास. प्रौढ माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, शक्यतो पंचवीसच्या आसपास ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑफिसमध्ये चहा आणणाऱ्या मुलाला एकदाच सांगून ठेवा की दोननंतर साहेबांसाठी ताक किंवा लिंबूपाणी, बिनसाखरेचं. प्रत्येक क्लायंटसमोर नव्याने नकार द्यावा लागला तर तो टिकत नाही.

कामाकडे येऊ, कारण साडेतीनला डोक्यात येतं ते कामच.

तुमचा महिना ७, ११, १४ आणि २० या तारखांवर फिरतो. सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-वन (विक्रीचं जीएसटी विवरण), चौदाला टूबी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं आणि वीसला थ्रीबी. खरी कोंडी चौदा ते वीसमध्ये होते, कारण खरेदीची बिलं क्लायंटने एकोणीसच्या रात्री पाठवली की टूबीशी जुळवणी, पुरवठादाराला फोन आणि रिटर्न हे सगळं एका दिवसात कोंबावं लागतं. त्यासाठी विक्रीचा डेटा ५ तारखेपर्यंत आणि खरेदीचा १० पर्यंत ही ऑफिसची स्वतःची तारीख ठरवा. ती एन्गेजमेंट लेटरमध्ये, म्हणजे कामाच्या अटींच्या पत्रात घाला, व्हॉट्सॲपवर पाठवा आणि उशिराच्या डेटासाठी वेगळी फी लावा. फीचा आकडा लहान असला तरी चालेल, पण तो बिलात दिसला पाहिजे. टूबी आल्यावर १४ ते १६ जुळवणी आर्टिकलने करायची, १७ ला एका अकाउंटंटने तपासायची, तुमच्याकडे फक्त न जुळणारी बिलं आणि मोठ्या रकमा यायच्या. आज तुम्ही प्रत्येक फाईल शेवटी स्वतः उघडत असणार, असं पत्रावरून वाटतं. तीन आर्टिकल असूनही रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं, ते यामुळे.

इतवारीतला व्यापारी दुकान वाढवून नऊनंतर फोन हातात घेतो. त्याचा दोष नाही, त्याला तेव्हाच वेळ असतो. पण उत्तर तेव्हाच द्यायला पाहिजे असं नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ची सोय आहे. रात्री साडेआठ ते सकाळी साडेदहा हा वेळ त्यात टाका आणि लिहा: ‘संदेश मिळाला, उद्या सकाळी अकरापर्यंत उत्तर देतो. आजच मुदत संपणारं काम असल्यास ऑफिसच्या नंबरवर फोन करा.’ ऑफिसचा तो नंबर आळीपाळीने एका अकाउंटंटकडे, फक्त १९ आणि २० तारखेला. पहिला महिना काही लोक कुरकुर करतील. बहुतेकांना तिसऱ्या महिन्यात सवय झालेली असते.

आणि ऑफिस सोडायच्या आधी पंधरा मिनिटं, दार लावून, कागदावर लिहायचं. डावीकडे जे जे अडकलं आहे ते, उजवीकडे त्याचं पुढचं पाऊल, कोण करणार आणि केव्हा. ‘अमुक ट्रेडर्सची नोटीस’ एवढं लिहून मेंदू शांत होत नाही. ‘नोटीस: मंगळवारी ११ वाजता बँक स्टेटमेंट मागवायचं, उत्तराचा मसुदा बुधवारी’ असं लिहिलं की होतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी जास्त लवकर. तुम्ही ती ऑफिसातच लिहा, अंथरुणात नको. साडेतीनला तीच नोटीस परत आठवली तर स्वतःला एवढंच सांगा की ती कागदावर आहे.

खर्ऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पत्रात तो अर्ध्या ओळीत आटपला आहे आणि नागपुरात सगळेच तो असाच आटपतात.

पानठेल्यावर प्लॅस्टिकमध्ये सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जातो तेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात. तंबाखूतलं निकोटिन हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं. सुपारीतलं ॲरेकोलिनही उत्तेजकच आहे. चुन्यामुळे तोंडातला क्षार वाढतो आणि निकोटिन पटकन रक्तात जातं. म्हणजे जेवणानंतर सव्वाअकराला ‘टेन्शन उतरवायला’ घेतलेला खर्रा तुम्हाला बाराला जागं ठेवतो. निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे पहाटे शरीर त्याची मागणी करू लागतं आणि झोप उथळ होते. खर्रा खाल्ल्यावर जी शांती वाटते ती बहुतेक मागच्या खर्ऱ्याची तलफ भागल्याची असते.

आज आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम, तर्री खाल्ली की आग होणं, गाल कडक लागणं, यांतलं काहीही असेल किंवा बोटं जात नसतील तर या आठवड्यातच दाखवा. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे तोंडाची तपासणी होते. आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी खाईन, हा मार्ग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

सोडायचा दिवस महिन्याच्या २१ तारखेचा धरा. थ्रीबी झालेला असतो आणि पुढच्या ७ पर्यंत थोडी उसंत असते. सर्वांत कठीण दुसरा-तिसरा दिवस. त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढा वेळ जागेवरून उठा, पाणी प्या, लवंग किंवा भाजलेली बडीशेप तोंडात ठेवा. निकोटिनची २ मिलिग्रॅमची गम औषधाच्या दुकानात मिळते, मात्र बीपीमुळे आधी फिजिशियनला विचारा. ती च्युइंगमसारखी चघळली की मळमळ, उचकी आणि छातीत जळजळ होते आणि लोक ‘सूट झाली नाही’ म्हणून दुसऱ्याच दिवशी फेकतात. बरोबर पद्धत अशी: चव तिखट लागेपर्यंत हळूहळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, पुन्हा ठेवा, अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, लिंबूपाणी नको, आंबटपणामुळे निकोटिन शोषलं जात नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, रात्री आठनंतर नाही, आणि तीन महिन्यांत कमी करत शून्य. घर ते ऑफिस जाताना ज्या पानठेल्यावर गाडी आपोआप थांबते तो रस्ता महिनाभर बदला. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ मोफत आहे, ती लोकांना पुन्हा फोन करून विचारपूसही करते. पहिले आठ-दहा दिवस झोप आणखी बिघडेल. ते निकोटिन उतरण्याचं लक्षण आहे, त्यावर गोळी घेऊ नका.

तुमच्या त्या गोळीबद्दल लगेच सांगतो. ॲल्प्राझोलाम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता-घेता येत नाही, त्याला कारण आहे. सवय लागते, मात्रा वाढत जाते, ॲप्निया असेल तर श्वासाची अडचण वाढते. शनिवारच्या दारूसोबत ती कधीही घ्यायची नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि जिवावर बेतू शकतं. तुम्ही आठवड्यातून दोनदाच घेता तेव्हा थांबणं सहसा कठीण जात नाही, तरी स्लीप स्टडीच्या वेळी डॉक्टरला सांगा. हे वाचणारं दुसरं कुणी महिनोन्महिने रोज घेत असेल तर त्यांनी मात्र एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरनेच टप्प्याटप्प्याने उतरवावी.

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते, स्वप्नांची झोप कमी होते, घोरणं वाढतं. साठ मिलीच्या एका पेगमध्ये साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल असतं, तीन म्हणजे साठ. स्लीप स्टडीचा निकाल येईपर्यंत पूर्ण बंद ठेवा. नंतरही प्यायचीच असेल तर एकावर थांबा आणि झोपेच्या चार तास आधी संपवा. सावजीची तर्री रात्री अकराला नको, दुपारी चालेल.

जेवण दोन भागांत करा. सकाळी दोन डबे न्या. संध्याकाळी सातला ऑफिसातच दोन पोळ्या आणि भाजी, किंवा ज्वारीची भाकर आणि झुणका. घरी आल्यावर वाटीभर वरण, मुगाची पातळ खिचडी किंवा ताक, एवढंच. मुख्य जेवण आणि झोप यांत तीन तास राहिले की जळजळ आणि घोरणं दोन्हींत फरक पडतो. लोणचं, पापड, शेव बीपी ठरेपर्यंत बाजूला.

आता रात्रीची वेळ. हा भाग ॲप्नियाची तपासणी झाल्यावर आणि खर्रा सोडून किमान तीन आठवडे झाल्यावरच सुरू करा. तक्त्यातून हिशेब काढा. अंथरुणावर साडेसहा तास, त्यात झोप साडेचार, म्हणजे ६९ टक्के. उरलेल्या दोन तासांत मेंदू हेच शिकतो की पलंग ही काळजी करायची जागा आहे. म्हणून काही दिवस पलंगावरचा वेळच कमी करायचा. रात्री एकच्या आधी अंथरुणावर जायचं नाही, साडेसहाला उठायचं, साडेपाच तास. त्याच्या खाली नाही. आठवडाभराची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की पावणेएक, पुढच्या आठवड्यात साडेबारा, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे या, सात तास होईपर्यंत. ८० च्या खाली गेली तर आहे तिथेच आणखी एक आठवडा थांबा. वीसेक मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं की उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात छापील काहीतरी वाचा, डोळे जड झाले की परत जा. हेच साडेतीनला. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा झोप येईल, तेव्हा वर्धा रोडवर गाडी स्वतः चालवू नका, मेट्रो किंवा ऑटो घ्या. फिट येणाऱ्यांनी आणि बायपोलर आजार असलेल्यांनी हे डॉक्टरशिवाय करू नये. निद्रानाशावर गोळीच्या आधी ज्या वर्तनोपचाराची शिफारस केली जाते, त्याचाच हा गाभा आहे. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असा त्रास असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तो नीट घेता येतो.

खोलीबद्दल एकच. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद खोलीत लावला की तासाभरात दमट होतं आणि घामाने जाग येते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा बाहेर गेली तरच थंडावा टिकतो. पाऊस सुरू झाला की कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा, किंवा एसी २५-२६ वर.

मेलाटोनिन शरीराची घड्याळ सरकवायला वापरतात, तुमचा प्रश्न तो नाही. योग करत असाल तर रात्री दहा मिनिटं संथ श्वास पुरतो, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. त्याला ॲप लागत नाही.

दोन आठवडे सतत मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर तक्ता भरत बसू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मेडिकलला आणि छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. घरातल्या कुणाला सोबत घेऊन जा.

राहिला सप्टेंबर, टॅक्स ऑडिटचा, म्हणजे क्लायंटचे हिशेब तपासून द्यायच्या मुदतीचा. त्या महिन्यात नवं काही सुरू करू नका आणि पलंगावरचा वेळ कमी करण्याचा प्रयोग चालू असेल तर तो थांबवा. रात्री उशीर होणारच, तेव्हा फक्त तीन गोष्टी धरून ठेवा: साडेसहाला उठणं, दोननंतर चहा नाही, खर्रा नाही. ऑडिटच्या फाईली जुलैपासून आठवड्याला ठराविक संख्येने सही करून बाहेर काढा आणि २० सप्टेंबरनंतर नवीन ऑडिट घ्यायचं नाही, असं रिसेप्शनवरच सांगून ठेवा.